सोफ्यामागची जागा

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला हप्तेवाला यायचा.
डंडीत, हिलटाउनच्या चढावर, चौथ्या मजल्यावर.
आई आधी टीव्ही बंद करायची,
मग दिवा,
मग आम्हाला.

सोफा आणि भिंत यांच्यात हातभर जागा होती.
तिच्यात आई, मी आणि कॅलम.
धुळीत कुणाच्या तरी कार्डिगनचं हिरवं बटण पडलेलं असायचं,
मी त्याच्याकडे बघत बसायचे.
तीन टकटकी. मग दारातली पत्रांची फट उघडायची
आणि तिच्यातून त्याचा आवाज, मऊ, एखाद्या आजोबांसारखा:
"मिसेस गेडेस, आहात ना आत?"
कॅलमला हसू फुटायचं.
आई त्याचं तोंड दाबायची,
शाळेच्या स्वयंपाकघरातले उकडलेले बटाटे
तिच्या हाताला रात्रीपर्यंत वास द्यायचे.
तो गेला की आम्ही अंधारातच टोस्ट खायचो.
मला वाटायचं, हा खेळ आहे
आणि दर वेळी आपणच जिंकतो.

कर्ज हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.
नाताळात सायकल मात्र आली. निळी.

आता मी चोवीसची.
तीन कार्डं. शिक्षणाचं कर्ज,
ज्याच्याबद्दल आम्ही सगळे हवामानाबद्दल बोलावं तसं बोलतो.
आणि एक कोट, चार सोप्या हप्त्यांत;
बटण दाबायला अकरा सेकंद लागले.
सगळ्यांकडे तसा कोट होता असं नाही.
ऱ्होनाकडे होता, तेवढं पुरलं.

फोन वाजला की मी तो पालथा घालते.
पाकिटं ओव्हनखालच्या खणात, केकच्या ट्रेंमध्ये.
केक मी कधीच करत नाही.

लोक म्हणतात, आजच्या पोरांना आकडे कळत नाहीत.
मला कळतात.
एकोणतीस पूर्णांक नऊ टक्के म्हणजे काय
हे मी झोपेतून उठून सांगेन.
माझी नोकरीच ती:
कानाला हेडफोन, समोर यादी,
वीज कंपनीची थकबाकी मागायची.
आवाज मऊ ठेवा, असं प्रशिक्षणात सांगतात.
मला शिकवावं लागलं नाही.

मंगळवारी पेझलीतल्या एका नंबरवर
लहान मुलानं फोन उचलला.
"मम्मी घरी नाही."
कुठे गेलीय, हे विचारायचं नसतं. मी विचारलं.
तो घुटमळला. त्याच्या मागे कुणीतरी श्वास धरून होतं.
धरलेला श्वास ऐकू येतो,
ज्यानं कधी धरलाय त्याला.
"इथे खाली," तो म्हणाला.

स्क्रीनवर चार पर्याय होते.
मी 'उत्तर नाही'वर टिचकी मारली
आणि पाण्याच्या निमित्तानं उठले.

रात्री आईला फोन केला.
"तेव्हा किती होतं गं, एकूण?"
तिकडे किटली उकळत होती, ती तिनं उकळू दिली.
"बाराशे. व्याज धरून अठराशेच्या वर गेलं."
"फिटलं कधी?"
"तू सोळाची झालीस तेव्हा. त्या दिवशी मी एकटीनंच
केक आणून खाल्ला. तुम्हाला काय सांगणार होते?"
"हेच सांगायचं होतं."
"मग तुला तो खेळ वाटला असता?"

मला राग आला. कोणाचा, ते कळेना,
त्यामुळे तो तसाच हातात राहिला,
आणि त्याच हातानं मी खण ओढला.
लोण्याच्या सुरीनं पहिलं पाकीट फाडलं,
आत पत्र नव्हतं, पिझ्झाची जाहिरात होती.
दोघी हसलो. मग दुसरं.

"वाच," आई म्हणाली.
मी आकडा वाचला, मोठ्यानं, पेनीसकट.
ती काहीच बोलली नाही.
मग पेन शोधायला लागली:
एक खण उघडला, मिटला,
दुसरा उघडला,
तिसरा अडकलेला, ती त्याला शिव्या देत होती.